ओव्हिराप्टर कुलातील डायनासोरची अंडी

ओव्हिराप्टर कुलातील डायनासोरची अंडी ही मंगोलिया व चीनमधील उत्तर क्रिटेशस काळातील (सु. १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत सापडणारी लांबट आकाराची जीवाश्मे आहेत. त्यांतील भ्रूणांमुळे या डायनासोरवरील अंडी चोरल्याचा आरोप निराधार ठरला.

शोध व नामकरण

१९२३ साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला गोबी वाळवंटातील बायनझाग येथे अंड्यांच्या घरट्यावर पडलेला एका डायनासोरचा सांगाडा मिळाला. त्या भागात प्रोटोसेराटॉप्स विपुल आढळत असल्याने अंडी त्याचीच मानली गेली. १९२४ मध्ये हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांनी या सांगाड्यास ओव्हिराप्टर, म्हणजे ‘अंडी पळवणारा’, हे नाव दिले. मात्र ते दिशाभूल करणारे ठरू शकते, असेही त्यांनी नोंदवले होते.

भ्रूणांचा पुरावा

१९९३ मध्ये मंगोलियातील उखा तोलगोद येथे तशाच अंड्यात ओव्हिराप्टर कुलातील भ्रूणाचा सांगाडा आढळला. त्याच ठिकाणी या कुलातील चितिपती हा प्रौढ डायनासोर पुढील अवयव घरट्याभोवती पसरून बसलेल्या स्थितीत मिळाला. यावरून हे प्राणी पक्ष्यांप्रमाणे स्वतःची अंडी उबवत असावेत, असे अनुमान निघाले.

दक्षिण चीनमधील गांझोउ येथील ‘बेबी यिंगलियांग’ या भ्रूणाचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १७ सेंमी लांबीच्या या अंड्यात भ्रूणाचे डोके शरीराखाली, पाय डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि पाठ अंड्याच्या बोथट टोकाकडे वळलेली आहे. पक्ष्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी अशीच स्थिती घेतात. त्यामुळे या वर्तनाचे मूळ डायनासोरमध्ये असण्याची शक्यता वर्तवली जाते.

शास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार ओव्हिराप्टर हे नाव आजही कायम आहे.