उलट्या भिंगातला कोळी

1996 सालच्या पावसाळ्यात येऊरच्या जंगलात मी कोळ्याच्या नजरेला नजर दिली. मॅक्रो लेन्स तेव्हा परवडणारी नव्हती. 50 मिलिमीटरची साधी लेन्स रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवायची, फ्लॅशवर बटर पेपर गुंडाळायचा, श्वास रोखायचा आणि फोकससाठी स्वतःच केसभर पुढेमागे व्हायचं. 36 फोटोंच्या रोलमधून दोन धड निघत. त्यातल्या एकात पानावरचा उड्या मारणारा कोळी थेट माझ्याकडे बघत होता. एकूण आठ डोळे, पण समोरचे मधले दोन टपोरे! ती स्लाइड मी अजून जपली आहे.

पुढे या कलेचा मागचा इतिहास वाचू लागलो. ज्या मायक्रो-निक्कोर लेन्सचं नाव आम्ही आदरानं घ्यायचो, ती किड्यामुंग्यांसाठी बनलीच नव्हती. निकॉनने ती 1956 साली काढली ती कागदपत्रांची मायक्रोफिल्म करण्यासाठी. जपानी कांजी अक्षरांतल्या दाट रेघा एकमेकींत मिसळू नयेत, सुट्या दिसाव्यात, म्हणून तिला एवढी धार. तीच धार पुढे कोळ्याच्या पायावरच्या लवेला उपयोगी पडली. 1999 मध्ये कॅननची 65 मिलिमीटरची लेन्स आली आणि विषय पाचपट मोठा टिपता येऊ लागला. मात्र पाचपटीला स्पष्ट दिसणारा पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. डोळा साधला की पाय धूसर. त्यावर उपाय म्हणून फोकस सरकवत अनेक फोटो काढून संगणकावर जोडण्याची रीत रुजली.

यंत्रांपेक्षा मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. पूर्वी कोळी अभ्यासकाच्या टेबलावर यायचा तो बहुधा स्पिरिटमध्ये बुडून, मेलेला. इंग्लंडमधले पाद्री ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी 1874 साली ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्याला ‘व्होलान्स’, म्हणजे उडणारा, असं नाव दिलं. पोटाच्या दोन बाजूंचे पडदे पसरून तो हवेत तरंगतो, अशी तेव्हा समजूत होती. तो तरंगत नाही. जेमतेम पाच मिलिमीटरचा हा नर ते रंगीत पडदे मोराच्या पिसाऱ्यासारखे उभारतो, तिसऱ्या जोडीचे पाय वर करतो आणि मादीसमोर नाचतो. सिडनीचे युर्गन ओटो हे खरे माइट या सूक्ष्म जीवांचे अभ्यासक. 2005 मध्ये असा एक कोळी त्यांच्या पायाखाली येता येता वाचला. 2008 पासून त्यांनी तो नाच टिपला आणि जगभरच्या लोकांनी तो घरबसल्या पाहिला. नाव मात्र नियमानुसार ‘व्होलान्स’च राहिलं.

आमच्या ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळालं, 26/11 च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तो कोळी आपल्या शेजारीच राहतो, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

म्हणूनच एक विनंती. कोळी हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवून फोटो काढणारे आहेत. असा सुस्त पडलेला कोळी स्पिरिटमधल्या कोळ्यापेक्षा फारसं काही जास्त सांगत नाही. त्याला त्याच्या पानावरच राहू द्या, तो तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा, आणि फोटोखाली तारीख व ठिकाण न विसरता लिहा.