लोखंडाचा स्वभाव ओळखणारा पूल

आपल्या लोहार ज्ञातीचा इतिहास सांगताना नांगराचा फाळ, गाडीची धाव आणि तलवारीचे पाते यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच लोखंडाला गणिताची जोड मिळाली तेव्हा काय घडले, हे सांगणारी एक लहानशी वास्तू, परदेशातील असली तरी, ज्ञातिबांधवांनी मनन करण्याजोगी आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनी शहराच्या कडेला, एका शेतवाडीकडे जाणाऱ्या आडरस्त्यावर सुमारे ११० फूट लांबीचा लोखंडी पूल आहे. सन १८६७ मध्ये सिराक्यूज येथील सायमन डिग्राफ याने तो बांधला. पुढे १८९९च्या सुमारास तो मूळ जागेवरून हलवून येथे उभारण्यात आला. रचना मात्र स्क्वायर व्हिपल (१८०४–१८८८) या अभियंत्याची.

१८२५ साली खुल्या झालेल्या ईरी कालव्याने शेतकऱ्यांच्या वाटा जागोजाग तुटल्या होत्या. त्यांवर बांधलेले लाकडी पूल कुजत. व्हिपलने १८४१ मध्ये धनुष्याकृती लोखंडी पुलाचे पेटंट घेतले आणि १८४७ मध्ये पूलबांधणीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर बहुतेक कारागीर अनुभवावर विसंबून पूल बांधीत. पुलाच्या प्रत्येक दांड्यावर किती दाब वा किती ताण पडतो, हे हिशेबाने कसे काढावे, ते व्हिपलने दाखवून दिले.

या रचनेतील मर्म आपल्या वाडवडिलांना नवे वाटले नसते. बिडाचा तवा हातून पडला तर तडकतो. घडीव लोखंडाचा फाळ वाकतो, पण सहसा तुटत नाही. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही; घडीव लोखंड ताणास चिवट असते. म्हणून व्हिपलने वरची कमान बिडाची ओतविली आणि तिची दोन टोके फाकू नयेत म्हणून खालचे बंध घडीव लोखंडाचे केले. तापवून चढविलेली धाव निवताच चाकाचे आरे व पाट्या आवळून धरते, तसेच हे बंध कमानीला आवळून धरतात. मधल्या तिरप्या सळया भार वाटून घेतात. जे भात्यापाशी हाताला ठाऊक होते, तेच व्हिपलने आकड्यांत मांडले.

हिशेब आणि निगा यांचे मोल आपल्याकडेही जबर किंमत देऊन कळले आहे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील धोकादायक ठरविलेल्या जुन्या लोखंडी पुलावर गर्दी झाली, पूल कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. लोखंड मुके असते; त्याला किती भार सोसवेल, हे त्याच्या वतीने जाणत्याने सांगावयाचे असते आणि इतरांनी ते ऐकावयाचे असते.

आज आपल्या कित्येक घरांतील भाता थंडावला आहे. त्याचा खेद करीत बसण्यापेक्षा आपल्या मुलामुलींच्या हाती गणित आणि यंत्रशास्त्र द्यावे. हातातील कसब आणि पाटीवरील आकडा एकत्र आले म्हणजे काय उभे राहते, याची साक्ष तो आडरस्त्यावरचा पूल दीडशेहून अधिक वर्षे देत आहे. आपल्या भावी पिढीनेही तशीच साक्ष मागे ठेवावी, हीच प्रार्थना.