एक्सपॅटची केटी

आयटीत नोकरी करणाऱ्या कुणालाही ‘केटी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. माणूस नोकरी सोडतो, नोटीस पिरियड सुरू होतो, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत त्याच्या डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचा कार्यक्रम होतो. ती केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. शेवटच्या दिवशी केक कापला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून शंका विचारायला कुणी नसतं.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत मला अशीच एक केटी मिळाली. टीममधल्या एक सीनियर कंपनी सोडून चालल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी लिहिलेला पायथनचा एक प्रोग्रॅम माझ्या वाट्याला आला. काम साधं होतं. दुकानांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या मोठाल्या एक्सएमएल फाइली वाचायच्या आणि त्यांतून गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि रक्कम वेगळी काढायची. जाताना ताई म्हणाल्या, “हे चालतंय. उगाच हात लावू नकोस.”

मी अर्थातच हात लावला. कोडमध्ये एक विचित्र प्रकार होता. फाइलीतला मजकूर आला की तो लगेच न वापरता आधी एका यादीत टाकायचा, आणि टॅग बंद झाला की यादीतले सगळे तुकडे जोडायचे. गावाचं नाव एकच तर असतं, मग तुकडे कसले? मी ती भानगड काढून टाकली. कोड आठ ओळींनी कमी झाला. मला फार हुशार वाटलं.

तीन आठवड्यांनी अकाउंट्समधून फोन आला. “हे हापूर कुठे आलं हो?”

हापूर कुठेच नव्हतं. ते कोल्हापूर होतं. ‘कोल्’ एकदा आलं होतं आणि ‘हापूर’ नंतर, आणि माझ्या कोडने दुसरा तुकडा पहिल्यावर लिहून टाकला होता. हजारो नोंदींत असं मोजक्याच ठिकाणी झालं होतं, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री कारण शोधता शोधता मी ताईंच्या कोडच्या खाली उतरलो. तिथे पायथन होती, आणि पायथनच्याही खाली, सी भाषेत लिहिलेली, एक्सपॅट नावाची एक लायब्ररी होती.

एक्सपॅट हा पार्सर आहे. खुणांनी भरलेला मजकूर वाचून ‘इथे टॅग उघडला, इथे मजकूर आहे, इथे टॅग बंद झाला’ असं सांगणं एवढंच त्याचं काम. अख्खी फाइल पोटात घेऊन मग बोलणारा हा पार्सर नाही. नळाखाली बादली धरावी तशी फाइल थोडी थोडी येते, आणि जेवढं समजलं तेवढं तो लगेच पुढे देतो. त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी मेमरी भरत नाही. देवनागरीचं एक चिन्ह युटीएफ-८मध्ये तीन बाइटचं असतं. त्यातले दोनच हातात आले असतील, तर एक्सपॅट तिसऱ्यासाठी थांबतो. चिन्ह तो कधी तोडत नाही. शब्द मात्र तुटू शकतो. सलग मजकूरसुद्धा अनेक तुकड्यांत येऊ शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. ताईंनी ते वाचलं होतं, मी वाचलं नव्हतं.

मग प्रश्न पडला. ताईंची केटी मला मिळाली. पण या खालच्या लायब्ररीची केटी कुणी कुणाला दिली?

एक्सएमएल हे अधिकृत मानक झालं १० फेब्रुवारी १९९८ रोजी. ते ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या गटाचे तांत्रिक प्रमुख होते जेम्स क्लार्क. ‘एक्सएमएल’ हे नावही त्यांनीच सुचवलेलं. मानक कागदावर असतं. ते चालतं की नाही, हे कुणीतरी कोड लिहून दाखवावं लागतं. क्लार्क यांनी त्याच वर्षी एक्सपॅट लिहून खुला केला. पुढे त्याला एमआयटी परवाना लागला. त्याचा सारांश असा: हवं ते करा, ही सूचना तेवढी सोबत ठेवा, आणि काही बिघडलं तर मला जबाबदार धरू नका.

१.१ आणि १.२ या आवृत्त्या काढून २००० साली क्लार्क बाजूला झाले. लायब्ररी गेली क्लार्क कूपर आणि फ्रेड ड्रेक यांच्या गटाकडे. (पहिल्याचं आडनाव क्लार्क, दुसऱ्याचं नाव क्लार्क. माझाही गोंधळ झाला होता.) हे दोघे कोण होते, हे पाहण्यासारखं आहे. पर्ल भाषेचे जनक लॅरी वॉल यांनी एक्सपॅटवर बेतलेलं पर्लचं एक मॉड्यूल सुरू केलं होतं, ते पुढे कूपर सांभाळत होते. ड्रेक पायथनच्या मंडळींतले. म्हणजे लायब्ररी गेली ती वापरणाऱ्यांकडे. एक्सपॅट बंद पडला असता तर पहिली झळ त्यांनाच लागली असती.

नव्या गटाने सप्टेंबर २००० मध्ये आवृत्ती काढली, तिचा क्रमांक १.९५.०. दोन व्हायला जरा कमी. वर्षानुवर्षं ते जरा कमीच राहिलं, २.० यायला २००६ उजाडलं. पुढची गती तर आणखी मंदावली. २.०.१ आली जून २००७ मध्ये आणि २.१.० आली मार्च २०१२ मध्ये. मधली जवळपास पाच वर्षं कोरी. त्यानंतर पुन्हा चार वर्षं शांतता. याच काळात एक्सपॅट पायथनसोबत, फायरफॉक्ससोबत आणि अँड्रॉइडसोबत जगभर पोचत होता. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तो या क्षणी तुमच्या तळहातावर आहे. वापरणारे वाढत गेले, सांभाळणारे नाही.

त्याची किंमत कशी मोजावी लागते, याचं एक उदाहरण. एक्सएमएलमध्ये एखाद्या मजकुराला टोपणनाव द्यायची सोय आहे. कुणीतरी डोकं लढवलं. पहिलं टोपणनाव म्हणजे ‘लोल’. दुसरं म्हणजे पहिलं दहा वेळा, तिसरं म्हणजे दुसरं दहा वेळा. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवा. असं नऊ पायऱ्या चढलं की एक केबीहून लहान फाइल उलगडून एक अब्ज ‘लोल’ होतात आणि सुमारे तीन जीबी मेमरी खातात. मशीन झोपतं. या हल्ल्याचं नावच ‘बिलियन लाफ्स’, अब्ज हास्यं. एक्सपॅटमधल्या या दुबळेपणाला नोंद क्रमांक २०१३ सालचा आहे. त्यावरचं संरक्षण लायब्ररीत आलं ते २.४.० मध्ये, मे २०२१ ला. उपाय सरळ होता: किती मजकूर आत आला आणि उलगडून किती झाला, याचं गुणोत्तर मोजायचं आणि मर्यादा ओलांडली की थांबायचं. सरळ असला, तरी तो करायला हात लागतात.

२०१६ पासून आवृत्त्या पुन्हा नियमित येऊ लागल्या, त्यामागे मुख्यतः सेबास्टियन पिपिंग आहेत. गेल्या काही आवृत्त्यांच्या बदलांच्या यादीत त्यांनी अगदी वर, चौकट करून लिहिलंय की एक्सपॅटकडे माणसं कमी आहेत, पैसा नाही, आणि सी जाणणाऱ्यांची मदत हवी आहे. रिक्षाच्या मागे लिहिलेलं वाचावं तसं मी ते वाचलं आणि पुढे गेलो.

मग २०२४ चा मार्च आला. एक्सझेड ही लायब्ररी पार्सिंगची नव्हे, फाइली दाबून लहान करण्याची. पण ती अशीच सगळ्यांच्या पायाखाली असते. ती वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या लासे कॉलिन यांनी २०२२ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की मानसिक त्रास सुरू आहे, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. त्याच सुमाराला काही अनोळखी नावं ‘दुसऱ्याकडे द्या, कामं रखडलीत’ म्हणून त्यांच्यामागे लागली होती. मदतीला होता ‘जिया टॅन’ या नावाचा कुणी. दोन वर्षं चोख काम केलं, विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्चला प्रकरण जगासमोर आलं. त्या नावामागे कोण होतं, हे अजून उघड झालेलं नाही.

काम दोन्हीकडे झालं. कूपर-ड्रेक यांनीही केलं, ‘जिया टॅन’नेही केलं. मला फरक दिसतो तो एवढाच: पहिल्या दोघांना ही लायब्ररी कशासाठी हवी आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांची स्वतःची घरं त्याच पायावर उभी होती. चांगला वारस म्हणजे नुसता कामसू माणूस नव्हे, ज्याचं छप्पर गळेल तो. आणि असं असेल तर एक्सपॅटचे वारस दूर कुठे शोधायला नकोत. पुण्यातल्या त्या ऑफिसात, हापूर निस्तरत बसलेला मीही त्या रांगेत होतो. फक्त तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मला सी बेताचीच येते. एक्सपॅटमधली चूक दुरुस्त करणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या वेड्यावाकड्या, मराठी नावांनी भरलेल्या फाइली होत्या. नवी आवृत्ती आली की त्या सगळ्या तिच्यातून घालून जुन्या निकालाशी ताडून बघायच्या, एवढं मी सुरू केलं. काही खटकलं तर नेमकं कळवता येईल असा छोटा नमुना तयार ठेवायचा. काम कंटाळवाणं आहे. आजवर काही सापडलेलं नाही.

पुढच्या महिन्यात माझा नोटीस पिरियड संपतोय. प्रोग्रॅम एका नव्या मुलीकडे जातोय. तुकडे जोडणाऱ्या त्या आठ ओळी मी केव्हाच परत घातल्या आहेत, वर ‘कोल्हापूर’ एवढीच टीप लिहून. परवा केटीत तिने ती वाचली आणि विचारलं, “सर, हे काय?”

मी तिला हापूरची गोष्ट सांगितली. मग क्लार्कची, दुसऱ्या क्लार्कची आणि चौकटीतल्या मजकुराची. तिने सगळं वहीत घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे हे पण माझ्याच नावावर टाकायचं का?”

केटीच्या एक्सेल शीटमध्ये ‘यापुढे जबाबदार कोण’ असा एक रकाना असतो. त्यात एक्सपॅटची ओळ नव्हती. आम्ही ती घातली. नावाच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि माझं खोडू दिलं नाही.