सीलचे खडक आणि सेल्सियसची खूण

सेल्सियस म्हटलं की आपल्याला थर्मामीटर आठवतो. पण ह्याच अँडर्स सेल्सियसने समुद्रही मोजायला घेतला होता, आणि मला ती गोष्ट जास्त रंजक वाटते.

स्वीडनच्या पूर्वेला बोथनियाचं आखात आहे. तिथे सील ज्या खडकांवर येऊन पहुडायचे, ते खडक म्हणजे चक्क मालमत्ता! शिकार तिथेच मिळायची, म्हणून त्यांचे खरेदीचे कागद व्हायचे. पण खडक पाण्याच्या फार वर आला की सीलला चढता येत नाही, आणि मालकाच्या हाती उरतो नुसता दगड. सेल्सियसने असे जुने व्यवहार धुंडाळले. (आमच्या धंद्यात लॉग वाचतात, तसंच.) १५६३ साली विकत घेतलेल्या एका खडकावरून त्याने हिशोब मांडला: पाणी शंभर वर्षांत सव्वा मीटरहून जास्त उतरतंय. पुढच्यांना पडताळता यावं म्हणून १७३१ मध्ये लोवग्रुंड बेटावरच्या खडकावर पाण्याच्या पातळीची खूणही कोरून घेतली. ही खूण म्हणजे खरी कमाल.

त्याच्या मते समुद्र आटत होता. म्हणजे पूर्वी बराचसा देश पाण्याखाली असणार. हे धर्मपंडितांना कसं रुचावं? ब्रोवालियस नावाच्या बिशपने १७५५ मध्ये विरोधात पुस्तकच लिहिलं. सेल्सियस तर १७४४ मध्येच वारला होता.

बरं, समुद्र एकच, मग पाणी उत्तरेला जास्त आणि दक्षिणेला कमी कसं उतरेल? म्हणजे हलतेय ती जमीन! चार्ल्स लायेललाही आधी हे पटत नव्हतं. १८३४ मध्ये तो स्वतः तिथे गेला, जुन्या खुणा पाहिल्या आणि मत बदलून परतला. पण का, हे तेव्हाही कळलेलं नव्हतं. १८६५ मध्ये जेमीसन ह्या स्कॉटिश माणसाने सुचवलं की हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने जमीन दबली होती. ओझं गेलं, पण खालचा खडक इतक्या संथपणे सरकतो की बर्फ वितळून जवळजवळ दहा हजार वर्षं झाली तरी आखाताच्या उत्तर भागात जमीन अजून वर्षाला ८-९ मिलिमीटर वर येतेय.

पलीकडच्या फिनलंडला ह्यातून दरवर्षी साधारण सात चौरस किलोमीटर नवी जमीन मिळते. ती मिळते पाण्याचा तो पट्टा ज्यांच्या मालकीचा होता त्यांना, आणि तो पट्टा बहुतेकदा गावच्या हिस्सेदारांचा सामाईक असतो. त्यामुळे किनाऱ्यावर घर असलेल्या माणसाला समुद्र परत हवा असेल, तर मधली नवी जमीन पैसे मोजून घ्यावी लागते.