पंचांची परवानगी आणि बाईचा हक्क

शिंदखेड्याच्या कोर्टात पोटगीच्या एका तारखेला मी आमच्या वस्तीतल्या एका भगिनीबरोबर गेलो होतो. नवऱ्याच्या वकिलाने विचारले, ‘सप्तपदी झाली होती का?’ तिचे लग्न बुद्धवंदनेने लागलेले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘मन्हा लगीनले आखं गाव व्हतं, मंग कागद कथाइन आनू?’ या प्रश्नामागे दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

हिंदू स्त्रीला घटस्फोट 1955 च्या कायद्याने मिळाला, असे आपल्याला शिकवतात. ते अर्धसत्य आहे. शास्त्राने जखडलेली होती ती वरच्या जातींची स्त्री. कष्टकरी जातींत काडीमोड आणि पाट चालतच होते. 1827 साली आर्थर स्टीलने दख्खनच्या मुलखातील जातींच्या रूढी संकलित केल्या, त्यात पाटाची नोंद आहे. पण याचा पोकळ अभिमान नको. फारकत द्यायची की नाही, हे पंच ठरवीत. दंड भरायचा, पंगत द्यायची आणि नाही जमले तर वाळीत पडायचे. बाईला मिळत होती ती परवानगी, हक्क नव्हे.

इंग्रजांच्या कोर्टाने तीही आखडून घेतली. 1876 च्या शंभू रघू खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, लग्न मोडण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. जातीची सत्ता नाकारली हे ठीकच; पण तिच्या जागी बाईच्या हाती काही दिले नाही. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा 1946 साली आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा 1947 साली झाला, तोवर ही पोकळी तशीच राहिली.

बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. परवानगीचे रूपांतर हक्कात करणे, हा त्याचा गाभा होता. ते बिल रखडवले गेले आणि 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. हेच बाबासाहेब 1937 साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण दर 31 जुलैला त्या आठवणीने जमतो. कोर्ट हे आपल्या लढ्याचे मैदान आहे, हा त्या आठवणीचा अर्थ आपण किती घेतला?

1955 च्या कायद्यात बौद्धही येतात. त्याचे सातवे कलम कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लागलेले लग्न मान्य करते. सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही. पोटगीसाठी लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली सांगितले. तरी तालुक्याच्या कोर्टात तोच प्रश्न विचारला जातो आणि बाई गांगरते.

पोटगीची कथा तर लाजिरवाणी. 1973 च्या फौजदारी संहितेत महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती. ती उठायला 2001 साल उजाडले. 1984 साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, महाराष्ट्रात अशी न्यायालये 1989 पासून सुरू झाली. पण कायद्याने ती सक्तीची केली दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत. बाकी ठिकाणी सरकारची मर्जी. जिथे ते नाही, तिथे घटस्फोट दिवाणी कोर्टात, पोटगी मॅजिस्ट्रेटपुढे. एका संसाराच्या दोन फायली, दोन तारखा, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी.

शिवाय या न्यायालयाने आधी समेट घडवावा, असे नववे कलम सांगते. समेट वाईट नाही. पण मार खाऊन आलेल्या बाईला ‘जा, नांद’ असे सांगणे म्हणजे पंचांचीच भाषा न्यायाधीशाच्या तोंडी घालणे होय.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. मंगल परिणय लावाल तेव्हा त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत नोंद करा. 1998 च्या कायद्याने ती सोय आहे. तारखेला बाईबरोबर जा. कुटुंब न्यायालय तालुक्याला मागा. लग्नाला आखे गाव होते ना? मग साक्षीलाही गाव उभे राहिले पाहिजे.