सूक्ष्म-आरएनए व जठराचा कर्करोग

सूक्ष्म-आरएनए (संक्षेपाने ‘मिर’) : सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे हे रेणू स्वतः कोणतेही प्रथिन घडवीत नाहीत, परंतु प्रथिननिर्मितीचा संदेश वाहणाऱ्या आरएनएशी अंशतः जुळून ते त्या संदेशाची अंमलबजावणी थोपवितात, आणि म्हणूनच जठराच्या अस्तरातील पेशीने किती वाढावे, केव्हा मरावे व आपली जागा सोडावी की नाही, या तिन्ही बाबींवर त्यांची हुकमत चालते. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्कन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत लावलेल्या या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भिवंडीच्या यंत्रमागावर बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. ती योजना निकामी झाली तर सदोष कापड निघतच राहते. निरोगी पेशीतही विभाजनास आवर घालणारी प्रथिने अशीच तैनात असतात. जठराच्या कर्करोगात मिर-२१ वाढतो व त्यामुळे पीटेन हे आवर घालणारे प्रथिन घटते. मिर-१०६बी-२५ हा समूह पी-२१ व पी-५७ यांना दडपून विभाजनाचा मार्ग मोकळा करतो आणि सदोष पेशीला मृत्यूकडे नेणाऱ्या बिम या प्रथिनासही निष्प्रभ करतो.

रोग्याचे प्राण मात्र बहुधा कर्करोगाच्या प्रसारानेच जातात. अस्तरातील पेशींना परस्परांशी घट्ट बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन झेब-१ व झेब-२ या प्रथिनांच्या दबावाखाली नाहीसे होऊ नये, याची खबरदारी मिर-२०० कुल घेते. हे कुल क्षीण झाले की पेशी सुट्या होतात, भोवतालच्या ऊतकात शिरतात आणि लसिकाग्रंथी, यकृत व उदरावरण गाठतात. मिर-२१८ घटल्यानेही प्रसारास वाट मिळते.

या रोगाचे मोठे कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा बालपणीच, दाटीच्या घरांत, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. १९९४ मध्ये त्याची गणना कर्करोगकारकांत झाली. त्याने बाधित अस्तरात मिर-२१ वाढलेला आढळतो. भारतात या रोगाचे प्रमाण मिझोरममध्ये सर्वाधिक असून महाराष्ट्रात ते पुष्कळच कमी आहे; तथापि मागांच्या कारखान्यांभोवती एकेका खोलीत सारे कुटुंब राहते, अशा भिवंडीतील वस्त्यांत शुद्ध पाणी व स्वच्छता यांचा प्रश्न गौण लेखणे योग्य नव्हे.

सूक्ष्म-आरएनए रक्तातही टिकून राहतात, म्हणून निदानासाठी त्यांच्याकडे आशेने पाहिले जाते. परंतु मिर-३४ ची प्रतिकृती औषध म्हणून देण्याची चाचणी गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली, आणि जठराच्या कर्करोगाचे निश्चित निदान आजही दुर्बिणीने तपासून काढलेल्या ऊतकाच्या तुकड्यावरूनच होते. थोडे जेवताच पोट भरल्यासारखे वाटणे, अकारण वजन घटणे, शौचास काळी होणे ही लक्षणे दिसताच आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने न दवडता भिवंडीकराने ही तपासणी करून घ्यावी. १९४१ पासून रुग्णसेवेत असलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय त्याच्यापासून फार दूर नाही.