विभाजन-तक्त्याचे स्थित्यंतर : सिस्टम डिस्कच्या एमबीआर-जीपीटी रूपांतरातील अडचणींची ऐतिहासिक मीमांसा

ज्या डिस्कवरून संगणकाची कार्यप्रणाली सुरू होते, त्या डिस्कची विभाजन-पद्धती बदलण्याचा प्रश्न वरवर पाहता निव्वळ यांत्रिक वाटतो. एमबीआर पद्धतीचा जुना तक्ता पुसावा, जीपीटी पद्धतीचा नवा लिहावा, की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सात-बाराचा उतारा नव्याने लिहिला म्हणून शेत जागचे हलत नाही, तद्वतच डिस्कवरील मजकूरही हलणार नाही, हे त्या समजुतीमागील गृहीत होय. गृहीत चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. प्रत्यक्षात हे रूपांतर पुष्कळदा अडते, आणि ते का अडले याचा विचार न करता एकामागून एक उपाय योजणारा मनुष्य वर्षानुवर्षे जमविलेले साहित्य एका आदेशासरशी गमावून बसतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या अडचणी म्हणजे यंत्राच्या लहरी नव्हेत. त्यांतील बहुतेक प्रत्येक अडचण संगणकाच्या इतिहासातील एका विशिष्ट कालखंडाचा अवशेष आहे, आणि तो कालखंड ओळखला म्हणजे अडचणीचे कारण व बहुधा उपायही हाती येतो.

एमबीआर पद्धतीचा उगम १९८३ सालचा आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात आयबीएम कंपनीने 'पीसी एक्सटी' हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, व तिच्यासाठी डॉसच्या २.० या आवृत्तीत विभाजनाची सोय करण्यात आली. डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरात ही सारी व्यवस्था बसविली गेली : ४४६ बाइट आरंभीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट विभाजन-तक्त्यासाठी आणि अखेरचे २ बाइट खुणेसाठी. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटांची. म्हणून नोंदी चारच. संगणक सुरू होताच बायोस हा सेक्टर स्मृतीत आणून त्यातील प्रोग्रामाकडे सूत्रे सोपवी, आणि तो प्रोग्राम तक्त्यातील 'सक्रिय' अशी खूण असलेले पार्टिशन शोधून पुढील कार्य त्याच्याकडे देई.

या रचनेची दोन वैशिष्ट्ये पुढे तिच्या मर्यादा ठरली. पहिली मर्यादा नोंदींच्या संख्येची. डिस्क मोठ्या होऊ लागल्या तेव्हा चार जागा अपुऱ्या पडल्या, आणि १९८७ च्या डॉस ३.३ पासून 'एक्स्टेंडेड' पार्टिशन व त्याच्या पोटातील 'लॉजिकल' पार्टिशने यांचा वापर रूढ झाला. दुसरी मर्यादा आकाराची. पार्टिशनचा आरंभ व लांबी प्रत्येकी ३२ बिटांत नोंदली जात असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या हिशेबाने २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइटांपलीकडे, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडे, तक्त्याची दृष्टी पोचत नाही. दहा मेगाबाइटांच्या काळात ही मर्यादा अनंतासमान होती. २०१० साली ३ टेराबाइटच्या डिस्क विक्रीस आल्या, आणि तिचा अंत झाला.

जीपीटी पद्धतीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९९० नंतरच्या दशकात इंटेल कंपनी आयटेनियम हा नवा प्रोसेसर सिद्ध करीत असता तिला बायोसची जुनी चौकट जाचू लागली, व तिने ईएफआय ही पर्यायी फर्मवेअर-व्यवस्था आखली. पुढे २००५ साली अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळाकडे हे कार्य जाऊन त्यास यूईएफआय हे नाव मिळाले. जीपीटी हा त्याच व्यवस्थेचा एक भाग. त्यात सेक्टर-क्रमांक ६४ बिटांचे असून साधारणतः १२८ नोंदींना जागा असते. प्रत्येक पार्टिशनला १६ बाइटांची स्वतंत्र ओळख-संख्या मिळते. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते, आणि तक्ता बिघडल्यास तो ओळखता यावा म्हणून तपासणी-अंकही नोंदलेला असतो. आरंभीचा प्रोग्राम मात्र पहिल्या सेक्टरातून नाहीसा झाला. त्याची जागा एका स्वतंत्र ईएफआय पार्टिशनवरील फाइलींनी घेतली. येथेच रूपांतराचे खरे मर्म आहे. एमबीआरकडून जीपीटीकडे जाताना केवळ तक्ता बदलत नाही. संगणक सुरू होण्याची रीतच बदलते.

या प्रश्नाला व्यापक निकड आली ती गेल्या काही वर्षांत. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने यूईएफआय फर्मवेअर व सिक्युअर बूटची क्षमता ही अट घातली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. ज्यांचे फर्मवेअर दोन्ही रीती जाणते, परंतु ज्यांवर प्रणाली जुन्या रीतीने बसविलेली आहे, असे असंख्य संगणक या दोन घटनांच्या कैचीत सापडले. डिस्कपार्ट या जुन्या साधनाने विभाजन-पद्धती बदलावयाची तर डिस्क आधी रिकामी करावी लागते. मजकूर राखून सिस्टम डिस्कचे रूपांतर करणारे 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीबरोबर २०१७ साली दिले. ते प्रथम तपासणी करते, अटी पुऱ्या न झाल्यास नकार देते, आणि नकाराची कारणे आपल्या नोंद-फाइलीत लिहिते. त्या नोंदी कालक्रमाने लावून वाचल्यास त्यांचा अर्थ उलगडतो.

सर्वांत जुना थर १९८३ च्या भूमितीचा. जीपीटीस डिस्कच्या आरंभी पहिल्या सेक्टरासह ३४ व शेवटी ३३ सेक्टर लागतात. जुनी साधने पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरापासून आणि व्हिस्टाच्या काळापासूनची साधने सामान्यतः २०४८ व्या सेक्टरापासून सुरू करीत. म्हणून आरंभी जागेची अडचण क्वचितच येते. शेवटी मात्र ती येऊ शकते. पार्टिशने सिलिंडरच्या सीमेवर संपविण्याची जुनी प्रथा डिस्कच्या टोकाशी थोडी पडीक जागा ठेवी. ती प्रथा गेल्यावर शेवटच्या सेक्टरापर्यंत भरलेल्या डिस्क आढळू लागल्या. अशा वेळी शेवटचे पार्टिशन किंचित लहान करणे पुरेसे होते.

दुसरा थर चार नोंदींचा. हे साधन एक्स्टेंडेड पार्टिशन स्वीकारीत नाही, व प्राथमिक पार्टिशने तीनहून अधिक असल्यास नकार देते. उपाय म्हणजे लॉजिकल पार्टिशनवरील मजकूर अन्यत्र हलवून ते काढणे, किंवा चारांपैकी अनावश्यक एक काढणे. परंतु निर्मात्याने ठेवलेले पुनःस्थापनेचे पार्टिशन अनावश्यक समजून पुसणे हा अविचार होय. याच थरातील आणखी एक अवशेष म्हणजे पार्टिशनचा प्रकार सांगणारा एकच बाइट. विंडोजला तो अपरिचित असल्यास नव्या पद्धतीतील कोणता प्रकार त्याच्याशी जुळवावा, हे साधनास वेगळे सांगावे लागते.

तिसरा थर व्हिस्टाच्या काळचा आहे. त्या प्रणालीने आरंभाची माहिती 'बूट.आयएनआय' या साध्या फाइलीतून काढून 'बीसीडी' या संग्रहात नेली. कार्यप्रणालीचे पार्टिशन सापडत नाही, असा जो निरोप साधन देते, त्याचे मूळ अनेकदा येथे असते : पूर्वी काढून टाकलेल्या प्रणालीची शिळी नोंद संग्रहात राहून गेलेली असते व ती अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनकडे बोट दाखविते. संग्रहाची प्रत काढून ठेवावी, मगच अशा नोंदी दूर कराव्यात.

शेवटचा थर नव्या व्यवस्थेचा. जुने सिस्टम पार्टिशन ईएफआय पार्टिशन म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तर साधन प्रणालीचे पार्टिशन लहान करून जागा काढते. ते भरलेले असल्यास, किंवा त्यातील न हलणाऱ्या फाइली आड आल्यास, कार्य थांबते. बिटलॉकर चालू असल्यास तो आधी स्थगित करणे आवश्यक असते, आणि रूपांतरानंतर त्याचे संरक्षक नव्याने निर्माण करावे लागतात. पुनःप्राप्ती-व्यवस्थेची नोंद अद्ययावत झाली नाही असा निरोप आल्यास ती व्यवस्था एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. रूपांतर फसले असे त्यावरून समजू नये.

याहून मोठा गैरसमज रूपांतर यशस्वी झाल्यावर होतो. संगणक पुन्हा सुरू करताच पडदा काळा राहतो, आणि सर्व नष्ट झाले असे वाटून मनुष्य प्रणाली नव्याने बसवू लागतो. वस्तुतः डिस्कने नवी रीत स्वीकारलेली असते; फर्मवेअरच अद्याप जुन्या रीतीने पहिल्या सेक्टरातील प्रोग्राम शोधत असते. फर्मवेअरमध्ये यूईएफआय ही रीत निवडताच प्रणाली पूर्ववत सुरू होते. म्हणूनच संगणकास ही रीत अवगत आहे की नाही, याची खात्री रूपांतराच्या आधी करणे अवश्य आहे. नसल्यास तक्ता निर्दोष लिहिला जाऊनही त्या डिस्कवरील विंडोज त्या यंत्रावर सुरू होणार नाही, आणि या साधनात परतीची वाट नाही.

एक गोष्ट अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरात आजही एमबीआर असतो. त्यात सामान्यतः एकच नोंद असून डिस्क पूर्ण व्यापलेली आहे एवढेच ती सांगते, जेणेकरून जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये. नव्या व्यवस्थेने जुनीस हद्दपार केले नाही. तिला उंबरठ्यावर राखणीस बसविले. तंत्राच्या इतिहासात स्थित्यंतरे बहुधा अशीच घडतात.

तात्पर्य, रूपांतर अडले असता उपायांची यादी धुंडाळण्यापूर्वी नकार कोणत्या थरातून आला, हे पाहावे. प्रथम मजकुराची स्वतंत्र प्रत, मग फर्मवेअरची खात्री, त्यानंतर केवळ तपासणीचा आदेश व त्याच्या नोंदींचे वाचन, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष रूपांतर, असा क्रम ठेवावा. दस्तऐवज पारखताना त्याचा काळ आधी निश्चित करण्याची जी शिस्त इतिहासाच्या विद्यार्थ्यास लावली जाते, ती या कामीही तितकीच उपयोगी पडते.